पक्ष्यांचा जीनोम (पेशीतला संपूर्ण डीएनए) इतका लहान का असतो? उडण्यासाठी?

उडण्यासाठी हे उत्तर अर्धंच बरोबर आहे, कारण जीनोम आटायला सुरुवात उडण्याच्या कितीतरी आधी, पक्ष्यांच्या पूर्वज डायनोसॉरांमध्येच झाली होती. हाडातल्या पेशी ज्या सूक्ष्म पोकळ्यांत बसतात त्या जीवाश्मातही टिकतात आणि पेशीचा आकार जीनोमच्या आकाराबरोबर वाढतो. २००७ साली या पोकळ्या मोजल्या गेल्या तेव्हा जमिनीवर धावणाऱ्या थेरोपॉड (पक्षी ज्या गटातून आले त्या) डायनोसॉरांचे जीनोमही लहानच असावेत असं दिसलं.

कोंबडीचा जीनोम सुमारे १.०५ अब्ज बेस-जोड्यांचा (डीएनएच्या ‘अक्षरांच्या’ जोड्यांचा) आहे, माणसाचा ३.१ अब्जांचा. मोठा फरक जनुकांच्या संख्येत नाही. माणसात जवळपास निम्मा डीएनए पुनरावृत्त तुकड्यांचा असतो, बहुतेक पक्ष्यांत तो दहा टक्क्यांच्या आसपास (सुतारपक्षी ठळक अपवाद, त्यांच्यात बराच जास्त). शिवाय पक्ष्यांच्या जनुकांमधले इंट्रॉनही (प्रथिनाची माहिती नसलेले मधले तुकडे) आखूड असतात.

उडण्याचा वाटा मात्र खराच आहे. पक्ष्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशींत केंद्रक असतं, म्हणजे त्यांच्यात जीनोमही असतो. जीनोम लहान असला की पेशीही लहान राहते आणि ऑक्सिजनची देवघेव भरभर होते. म्हणूनच हमिंगबर्डचे जीनोम पक्ष्यांतले सर्वांत लहान, तर न उडणाऱ्या शहामृगाचा सर्वांत मोठ्यांपैकी.

एक सावधगिरी: ‘पक्ष्यांनी शेकडो जनुकं गमावली’ असं वाचलंत तर जपून घ्या. त्यांच्या इवल्याशा मायक्रोक्रोमोसोमांवरचा (अगदी लहान गुणसूत्रांवरचा) जीसी-बहुल, म्हणजे जी आणि सी ही डीएनए-अक्षरं जास्त असलेला भाग जुन्या सिक्वेन्सिंगमध्ये (डीएनए वाचण्यात) निसटायचा, आणि लांब तुकडे एकसलग वाचणारं लाँग-रीड तंत्र आल्यावर त्यातली बरीच जनुकं जागेवरच सापडली.