१९८२ चा गिरणी संप केस स्टडी म्हणून कसा मांडावा?

प्रोजेक्टसाठी विचारलंय म्हणून सांगतो: सुरुवात संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत यांच्यापासून करू नका, कायद्यापासून करा. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार मुंबईच्या कापड गिरण्यांत वाटाघाटींचा हक्क एकाच मान्यताप्राप्त युनियनला, राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता. कामगारांचा तिच्यावरचा विश्वास उडाला होता, पण मालक बोलणार तिच्याशीच. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगारवाढीइतकीच हा कायदा रद्द करण्याची मागणीही महत्त्वाची होती, आणि नेमकी तीच बहुतेक प्रोजेक्टांत येत नाही.

बदली कामगारांवर मात्र सविस्तर लिहा. पाळी सुरू होताना गिरणीच्या गेटवर उभं राहायचं, कुणी कायम कामगार गैरहजर असेल तर काम, नाहीतर परत खोलीवर. वर्षानुवर्षं हेच. संपाची धग समजायची तर हा माणूस समजायलाच हवा.

मालकांची बाजू थोडक्यात पुरे: जुनी यंत्रं, साठलेला माल, भिवंडीच्या यंत्रमागांची स्पर्धा. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. पुढे गिरण्यांच्या जमिनीचं काय झालं, ते लोअर परळला जाऊन बघाच.