शेजारच्या ज्येष्ठांना मदत : कशी आणि कुठपर्यंत?

प्रश्न : आमची सोसायटी जुनी, तीन मजली आणि बिनलिफ्टची आहे. अनेक घरांत सत्तरी ओलांडलेली जोडपी किंवा एकेकटी माणसे राहतात; मुले पुण्यात, बंगळुरात किंवा परदेशात असतात. आम्ही काही जण दर आठवड्याला थोडा वेळ त्यांच्यासाठी देऊ इच्छितो. कोणत्या कामापासून सुरुवात करावी? त्यांचे पैशांचे व्यवहार पाहावेत का? एक आजोबा तर ‘मला कुणाची गरज नाही’ म्हणून दारातूनच परत पाठवतात.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आपण पत्रासोबत करावयाच्या कामांची लांबलचक यादी जोडली आहे. त्यातील बहुतेक कामे सध्या बाजूला ठेवावीत, असे आमचे स्पष्ट मत आहे, कारण उत्साहाने दहा कामे हाती घेऊन दुसऱ्या महिन्यात येणे थांबवणाऱ्या मंडळींपेक्षा दर बुधवारी ठरलेल्या वेळी येणारा आणि येणे जमणार नसेल तर आदल्या दिवशी फोन करणारा एकच माणूस वृद्धांना अधिक आधाराचा वाटतो.

सुरुवातीसाठी निवृत्तिवेतनधारकांना नोव्हेंबरमध्ये द्यावा लागणारा हयातीचा दाखला हे उत्तम काम आहे. उतारवयात बोटांवरील रेषा झिजल्यामुळे यंत्रावर ठसा अनेकदा उमटत नाही आणि बँकेत खेपा घालाव्या लागतात. हा दाखला ऑनलाइन देण्याच्या ‘जीवन प्रमाण’ या सरकारी व्यवस्थेत २०२१पासून चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय असल्यामुळे हे काम घरबसल्या साध्या स्मार्टफोनवर होते. त्यासाठी आधार क्रमांक, पीपीओ (निवृत्तिवेतन मंजुरीचा आदेश) क्रमांक, खाते क्रमांक आणि मोबाइल जवळ ठेवावा. आपल्यापैकी एकाने ॲपमध्ये ‘ऑपरेटर’ म्हणून स्वतःची नोंदणी केली, की त्याच फोनवरून अनेकांचे दाखले सादर करता येतात. केंद्र सरकारच्या ऐंशी वर्षांवरील निवृत्तांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, त्यामुळे त्यांची कामे आधी उरकावीत. फोनवर आलेला ओटीपी मात्र त्यांनी स्वतः वाचून स्वतःच भरावा, मग त्याला कितीही वेळ लागो. ‘सांगा, मी टाकतो’ ही सवय एकदा लागली, की उद्या फोनवरून गोड बोलणाऱ्या ठगालाही ओटीपी तितक्याच सहज सांगितला जातो.

पैशांच्या बाबतीत कठोर राहावे. एटीएम कार्ड, पिन, सही केलेला कोरा धनादेश यांपैकी काहीही, अगदी आग्रह झाला तरी, हाती घेऊ नये. औषधे किंवा किराणा आणायचा असेल तर घेतलेली रक्कम, बिल आणि परत दिलेले पैसे त्यांच्याच घरातील वहीत त्यांच्यादेखत लिहावेत. बँकेत जाताना दोघांनी सोबत जावे आणि आपण कोण, कधी येतो, हे मुलांना आधीच कळवावे. यात अविश्वास नाही. पुढे एखादी नोट सापडली नाही तर संशयाचे बोट आपल्याकडे वळू नये, एवढाच हेतू आहे. औषधांच्या मात्रेबाबत सल्ला देण्याचा मोह तर सर्वस्वी टाळावा.

दारातून परतवणाऱ्या आजोबांकडे मदत देण्यासाठी जाऊच नये; मदत मागण्यासाठी जावे. त्यांनी नोकरीत हिशेब सांभाळले असतील, तर इतरांचे अर्ज तपासून देण्याची विनंती करावी. आयुष्यभर दुसऱ्यांना दिलेल्या माणसाला घेणे जड जाते, आणि त्यांचे ‘गरज नाही’ हे म्हणणे कदाचित अक्षरशः खरेही असेल. तसे असल्यास तेही मान्य करावे.

प्रश्न : मी ज्यांच्याकडे जाते, त्या आजींनी घर मुलाच्या नावे केले आहे आणि आता तो त्यांना जेवणही नीट देत नाही. मी मुलाशी बोलावे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आजींच्या संमतीवाचून बोलू नये; आपण निघून गेल्यावर त्याचा राग त्यांनाच सोसावा लागेल. त्यांच्याशी एकांतात बोलून त्यांची इच्छा आधी जाणून घ्यावी. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाच्या २००७च्या कायद्यानुसार त्या न्यायाधिकरणाकडे निर्वाहखर्च मागू शकतात, आणि स्वतः अर्ज करणे शक्य नसल्यास दुसऱ्या व्यक्तीला किंवा नोंदणीकृत संस्थेला तसा अधिकार देऊ शकतात. सांभाळ करण्याच्या अटीवर घर दिले असेल आणि ती अट पाळली गेली नसेल, तर कलम २३खाली ते हस्तांतरण रद्दही होऊ शकते. म्हणून बक्षीसपत्राची प्रत प्रथम मिळवावी. पुढची दिशा विचारण्यासाठी ज्येष्ठ नागरिकांची १४५६७ ही विनामूल्य मदतवाहिनी आहे. तेथे शक्यतो आजींनीच बोलावे, आपण शेजारी बसावे. मारहाण होत असेल तर मात्र वाट न पाहता ११२वर पोलिसांना कळवावे.