दूरच्या सर्व्हरवर एन्क्रिप्टेड बॅकअप ठेवायचा आहे. बोर्ग घ्यावं की रेस्टिक, आणि सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की गोव्यात साखळी शहरातल्या तुमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये उबुंटूचा एक सर्व्हर आहे, त्यावर साधारण २०० जीबी रिपोर्ट आणि एक मायएसक्यूएल डेटाबेस आहे. हे सगळं रोज रात्री गोव्याबाहेर भाड्याने घेतलेल्या जागेवर जावं, पण तिथल्या कुणालाही वाचता येऊ नये, असं तुम्हाला हवंय.

बोर्ग आणि रेस्टिक हे दोन्ही बॅकअप घेणारे प्रोग्रॅम. त्यातला कुठला, याचं उत्तर सोपं आहे. त्या जागेवर एसएसएचने, म्हणजे दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे लॉगिन करायच्या पद्धतीने, शिरता येत असेल आणि तिथे बोर्ग असेल, तर बोर्ग घ्या. एस-थ्री पद्धतीची ऑब्जेक्ट स्टोरेज असेल, म्हणजे लॉगिन न करता फक्त फायली ठेवायची क्लाउडची जागा, तर रेस्टिक. दोन्ही प्रोग्रॅम डेटा तुमच्याच मशीनवर एन्क्रिप्ट करून मगच बाहेर पाठवतात, आणि पहिल्या खेपेनंतर फक्त नवे तुकडे पाठवतात. मी बोर्ग वापरतो, म्हणून पुढचं बोर्गबद्दल.

मला जास्त लिहायचंय ते तुम्ही न विचारलेल्या गोष्टीबद्दल, म्हणजे एन्क्रिप्ट केलेला बॅकअप उघडणाऱ्या चावीबद्दल.

मी सत्तरी तालुक्यातल्या एका काजू कारखान्याचा सर्व्हर सांभाळतो. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेलं. झाडं तारांवर पडली आणि आमच्याकडे दोन दिवस लाईट नव्हती. आली ती अशी आली, की सर्व्हरच्या दोन्ही डिस्क जळाल्या. बॅकअप पुण्यातल्या एका सर्व्हरवर सुखरूप होता, अगदी शनिवार रात्रीपर्यंतचा. मी लॅपटॉपवरून बोर्ग लिस्टची, म्हणजे बॅकअपची यादी दाखवायची, आज्ञा दिली आणि त्याने पासफ्रेज, म्हणजे अनेक शब्दांचा पासवर्ड, विचारली. ती रूटच्या, म्हणजे मुख्य खात्याच्या, फोल्डरमधल्या एका स्क्रिप्टमध्ये होती, आणि ती स्क्रिप्ट जळालेल्या डिस्कवर. कागदावर मी ती कुठेच उतरवली नव्हती. बियांच्या अख्ख्या हंगामाच्या खरेदीच्या पावत्या, बोंडूच्या रसाने एकमेकींना चिकटलेल्या, आम्ही सुट्या करून एकेक पुन्हा टाईप केल्या. तोवर बागायतदारांचे पैसे अडून राहिले. बोर्गमध्ये पासफ्रेज विसरल्यावर उघडणारी दुसरी वाट नाही, आणि तुमच्याकडे तर पेशंटचे रिपोर्ट आहेत.

म्हणून रिपॉझिटरी, म्हणजे बोर्गची दूरची बॅकअपची पेटी, उघडतानाच, पहिला बाइट वर जाण्याआधी, हे करा. ती तयार करणारी इनिटची आज्ञा देताना एन्क्रिप्शनसाठी रिपोकी-ब्लेकटू निवडा. यात चावी दूरच्या रिपॉझिटरीतच राहते, पण तुमच्या पासफ्रेजने कुलूपबंद असते. पासफ्रेज फाशांनी निवडलेल्या सहा-सात असंबद्ध शब्दांची ठेवा, सगळी लहान अक्षरं. मनाने सुचलेले शब्द नकोत आणि चिन्हांची खिचडी तर नकोच. कागदावरून टाईप करताना शून्य की ओ, हे कळत नाही. मग बोर्ग की एक्सपोर्टला पेपरचा पर्याय जोडून चावीही छापून घ्या, कारण रिपॉझिटरीतली प्रत खराब झाली तर पासफ्रेज असूनही उपयोग नाही. या छापील चावीच्या प्रत्येक ओळीला तपासणीची अक्षरं असतात, त्यामुळे टाईप करताना चूक झाली तर त्याच ओळीवर कळतं. पासफ्रेज मात्र त्यात येत नाही, ती वेगळी लिहावी लागते.

कागद लेझर प्रिंटरवरच काढा. आपल्याकडे जुलैत कपाटातला कागदही ओल धरतो आणि इंकजेटची शाई फुटते. माझ्याकडे लॅमिनेट केलेल्या दोन प्रती आहेत, एक मालकांच्या घरी आणि एक बँकेच्या लॉकरमध्ये. सर्व्हरच्या खोलीत एकही नाही.

आता बाकीचं. चालू डेटाबेसच्या फायली थेट उचलू नका. मायएसक्यूएलडम्प या आज्ञेने, सिंगल-ट्रान्झॅक्शन पर्याय देऊन, डेटाबेसची एका फायलीत प्रत (डम्प) काढा. टेबलं इनोडीबी या साठवणीच्या प्रकारातली असतील तर काम न थांबता एका क्षणाची सुसंगत प्रत मिळते. तो डम्प जीझिपने दाबून लहान करू नका. जीझिपमुळे आत थोडासा बदल झाला तरी पुढची सगळी फाईल वेगळी दिसते आणि बोर्गला जुने तुकडे ओळखता येत नाहीत. हे कॉम्प्रेशन बोर्गलाच झेडस्टँडर्ड पद्धतीने करू द्या.

पहिल्या खेपेला धीर धरा. अपलोडचा वेग २० एमबीपीएस असेल तर २०० जीबीला साधारण २२ तास लागतात. मध्येच लाईट गेली तरी घाबरू नका, बोर्ग दर अर्ध्या तासाला चेकपॉइंट टाकतं आणि पुढच्या वेळी तिथवर गेलेले तुकडे पुन्हा पाठवत नाही. ठरल्या वेळी काम सुरू करण्यासाठी लिनक्सवरच्या जुन्या क्रॉनपेक्षा सिस्टमडीचा टायमर घ्या आणि त्यात पर्सिस्टंट चालू ठेवा. रात्री दोनला मशीन बंद असेल तर सुरू झाल्यावर राहिलेला बॅकअप तो स्वतः उरकतो. पावसाळ्यात हे लागतंच.

दूरच्या बाजूला ऑथराइज्ड-कीज फायलीत, म्हणजे कुणाला शिरू द्यायचं त्या यादीत, तुमच्या एसएसएच चावीपुढे (ही लॉगिनची चावी, बॅकअप उघडायची नव्हे) बोर्ग सर्व्हची आज्ञा बांधून टाका, अपेंड-ओन्ली, म्हणजे फक्त भर घालू देणारी, आणि ठरावीक फोल्डरपुरती. उद्या कुणी तुमच्या सर्व्हरमध्ये घुसलं तरी त्याला जुने बॅकअप कायमचे पुसता येत नाहीत. इथे एक खाच आहे. अशा चावीने डिलीट केलं तरी ते झाल्यासारखं दिसतं, डेटा मात्र जागेवर राहतो. नंतर तुम्ही पूर्ण अधिकाराच्या चावीने कॉम्पॅक्ट, म्हणजे जागा मोकळी करायची आज्ञा, चालवलीत की तो खरोखर जातो. म्हणून प्रून (जुने बॅकअप छाटणं) आणि कॉम्पॅक्ट वेगळ्या मशीनवरून, महिन्यातून एकदा, आधी आर्काइव्हची, म्हणजे एकेका बॅकअपची, यादी डोळ्यांनी पाहून करा.

बॅकअप चुकल्याचा मेल सर्व्हरने पाठवावा अशी व्यवस्था करू नका, मेलेला सर्व्हर मेल कसा पाठवणार? काम नीट झालं की सर्व्हरने बाहेरच्या एका सेवेला खूण द्यावी, आणि खूण आली नाही तर त्या सेवेने तुम्हाला कळवावं.

दर तीन महिन्यांनी मी कोरा लॅपटॉप घेतो, मालकांकडून कागद मागून घेतो आणि फक्त त्यावरून टाईप करत एका दिवसाची खरेदीवही परत काढतो. सर्व्हरला हात लावायचा नाही, हा नियम. पहिल्याच वेळी अडकलो. पासफ्रेज बरोबर होती, पण दूरच्या सर्व्हरवर शिरायची एसएसएच चावी कागदासोबत नव्हती. आता पाकिटात रिपॉझिटरीचा पत्ता, युजरनेम आणि त्या भाड्याच्या खात्यात शिरायची माहितीही आहे. तुम्ही ही तालीम पहिला बॅकअप पूर्ण झाला की त्याच आठवड्यात करा, लॅबमधल्या दुसऱ्या कुणाच्या हातून.

भाड्याच्या जागेवर बोर्गची कोणती आवृत्ती आहे ते पाहून इथे लिहा, ऑथराइज्ड-कीजमधली ओळ मी तुम्हाला तयार करून देतो.