इंग्लंडच्या टेकड्यांमधून ग्रॅव्हल बाइक चालवायची आहे. साउथ डाउन्स वे, रिजवे की कॉट्सवोल्ड्स?

तुम्ही लिहिलंय की जूनच्या शेवटी लेकीकडे रेडिंगला येताय, सिंहगड-ताम्हिणीच्या चढांची सवय आहे आणि तीन-चार दिवस डांबर सोडून सायकल चालवायची आहे. मी त्याच भागात राहतो आणि सुट्टीच्या दिवशी याच वाटांवर असतो, म्हणून आधी निर्णयच सांगतो. पहिल्यांदा रिजवे या लांब वाटेचा पश्चिमेकडचा अर्धा भाग करा. पाय शाबूत राहिले तर साउथ डाउन्स वे ही दुसरी लांब वाट. कॉट्सवोल्ड्स हा टेकड्यांचा प्रदेश लेकीच्या गाडीतून बघा.

कॉट्सवोल्ड्स सुंदर आहे, वाद नाही. पण कॉट्सवोल्ड वे हा नावाजलेला मार्ग मुख्यतः चालणाऱ्यांचा आहे, त्याच्या बऱ्याचशा भागावर सायकलला परवानगी नाही. आणि हीच गोष्ट पुण्याहून येणाऱ्याला आधी समजून घ्यावी लागते. इथे वाट दिसली म्हणून सायकल घातली, असं चालत नाही. वाटेवरच्या पाट्यांवर पिवळा बाण म्हणजे फूटपाथ, इथल्या भाषेत पायवाट, ती फक्त पायी जाणाऱ्यांची. निळा बाण म्हणजे ब्राइडलवे, घोडेस्वारांची वाट. १९६८ च्या कायद्याने तिथे सायकलला हक्क मिळाला, पण घोडा आणि चालणारा माणूस यांना आधी वाट द्यायची या अटीवर. जांभळा किंवा लाल बाण असेल तर बायवे, तिथेही सायकल चालते. (स्कॉटलंडचा कायदा वेगळा आणि बराच मोकळा आहे, तिथले व्हिडिओ बघून इथले बेत आखू नका.) मार्ग आखून देणारी ॲप कधी कधी बिनदिक्कत फूटपाथवर नेऊन सोडतात, तेव्हा ऑर्डनन्स सर्व्हे या इथल्या सरकारी नकाशा संस्थेच्या १:२५,००० प्रमाणाच्या नकाशावर ताडून बघा. त्यात हिरव्या लांब तुटक रेघा म्हणजे ब्राइडलवे, आखूड म्हणजे फूटपाथ.

आता रिजवेच का? तर खालच्या दगडामुळे. दक्षिण इंग्लंडच्या या लांबच लांब टेकड्या खडूच्या आहेत, शब्दशः पांढऱ्या खडूच्या. पाऊस पडला की पाणी त्यातून खाली झिरपून जातं आणि माथ्यावरची वाट लवकर वाळते. शेजारच्या खोऱ्यांमध्ये चिकणमाती आहे. तिथे पावसानंतर माती चाकाला आणि फोर्कला अशी बसते की सायकल ढकलतासुद्धा येत नाही. म्हणून नकाशावर रेघ किती छान वळणं घेते हे बघू नका, ती कशावरून जाते ते बघा. फक्त एक लक्षात असू द्या. खडू वरून ओला असेल, नुकतीच सर येऊन गेली असेल, तर तो साबणासारखा निसरडा होतो. उतारावर पुढचा ब्रेक जपून.

याच दगडाची दुसरी बाजू पाण्याची. सिंहगडावर देवटाक्याचं पाणी मिळतं, कारण आपला काळा कातळ ते धरून ठेवतो. खडू धरत नाही. त्यामुळे माथा कोरडा, आणि गावं सगळी खाली पायथ्याशी, जिथे झरे बाहेर पडतात. पब, दुकान, चहा, सगळं तिथेच. एका चहासाठी शंभरेक मीटर उतरायचं आणि तेवढंच परत चढायचं. माथ्यावर नळ आहेत, पण मोजके. मी दोन मोठ्या बाटल्या आणि खायला काहीतरी जास्तीचं घेतल्याशिवाय निघत नाही.

अख्खा रिजवे ॲव्हबरीजवळच्या ओव्हर्टन हिलपासून आयव्हिंगहो बीकनपर्यंत १३९ किलोमीटर आहे. तुमच्या कामाचा पहिला अर्धा, थेम्सकाठच्या स्ट्रीटलीपर्यंतचा, साधारण ७० किलोमीटर. त्यापुढे मध्येमध्ये फूटपाथ लागतो, म्हणून तिथेच थांबायचं. रेडिंगहून स्विंडनला सकाळच्या गाडीने जा. तिथून दक्षिणेला दहा-बारा किलोमीटर साध्या रस्त्याने गेलात की बार्बरी कॅसल, तिथेच रिजवे गाठायचा. नावात कॅसल असलं तरी बुरूज-तटबंदीची अपेक्षा नको, लोहयुगातले मातीचे बांध आणि खंदक आहेत. हाताशी अख्खा दिवस असेल तर आधी ॲव्हबरीला जाऊन या. गावच उभ्या शिळांच्या वर्तुळात वसलंय.

बार्बरीपासून वाट कधी पांढरी, कधी गवताची, पण रुंद. ऑगबर्न सेंट जॉर्जला एक उतार, मग पुन्हा माथा, मग मोटारवेचा आवाज थोडा वेळ आणि पुढे शांत. वेलँड्स स्मिथी हे झाडांच्या घेऱ्यातलं नवाश्मयुगीन दफनस्थान वाटेला लागूनच आहे, अंदाजे साडेपाच हजार वर्षांपूर्वीचं. त्यापुढे अफिंग्टनचा पांढरा घोडा. टेकडीच्या उतारावर चर खणून त्यात खडू ठोकून भरलेली ११० मीटर लांबीची आकृती, सुमारे तीन हजार वर्षांची. दर पिढीने गवत काढून नवा खडू ठोकला म्हणून ती टिकली, नाहीतर कधीच बुजली असती. जवळ गेलात तर घोडा दिसत नाही, नुसते पांढरे पट्टे दिसतात. तो खोऱ्यातून बघायचा. शेजारचा माथा २६१ मीटरचा, ऑक्सफर्डशरमधला सर्वात उंच. सिंहगडवाल्यांना हसू येईल, हरकत नाही. इथली दमछाक उंचीने होत नाही, सारखं उतरून चढण्याने होते.

या मार्गावर मला खरी कटकट वाटते ती चाकोऱ्यांची. काही भागांवर मोटारींनाही परवानगी असते, हिवाळ्यात त्या चिखलात खोल चर पाडतात आणि जूनमध्ये ते विटेसारखे कडक होतात. पुढचं चाक चरात गेलं की वळवायला जाऊ नका, सरळ जाऊ द्या आणि चर उथळ झाल्यावर बाहेर या. लॅम्बोर्नच्या आसपास शर्यतीच्या घोड्यांच्या सरावाची हिरवळ लागते, तिच्यावर चुकूनही चाक घालायचं नाही. घोडा मागून गाठत असाल तर वेग कमी करून लांबूनच आवाज द्या. घोड्याला माणसाचा आवाज ओळखीचा असतो. शेवटी स्ट्रीटलीला उतरलात की पूल ओलांडून गोरिंगचं स्टेशन आहे, तिथून रेडिंग जवळच.

साउथ डाउन्स वे हा विंचेस्टर ते ईस्टबोर्न, १६० किलोमीटर. गंमत म्हणजे तो जवळजवळ सगळाच सायकलला खुला आहे. पण चढ मिळून चार हजार मीटरच्या आसपास भरतो आणि चढ आखूड, उभे आहेत, तेव्हा दोन नाही तर तीन दिवस धरा. दमलात तर ॲम्बर्ली किंवा साउथइझ स्टेशनवरून सटकता येतं, दोन्ही वाटेजवळच आहेत. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सखल शेतं, आणि फाटकंच फाटकं. त्यांच्या कड्यांना घोडेस्वारासाठी उंच दांडा असतो, थोडी सवय झाली की सायकलवरून न उतरता उघडता येतो. मात्र उघडलेलं फाटक मागे लावायचंच, पलीकडे मेंढरं असतात. किंग आल्फ्रेड्स वे नावाचा ३५० किलोमीटरचा गोल फिरून येणारा मार्ग २०२० पासून सायकलवाल्यांमध्ये फार बोलला जातो, रिजवे आणि साउथ डाउन्स दोन्हींचे तुकडे त्यात आहेत. पण चार दिवसांत तो पळापळीचा होईल.

सायकलचं म्हणाल तर ४० मिमीपेक्षा बारीक टायर नको, ४५ असेल तर उत्तम, आणि ट्यूबलेसच. खडूत फ्लिंट, म्हणजे चकमकीचा दगड असतो. तो फुटला की ब्लेडसारखी धार येते. सीलंटबरोबर, म्हणजे बारीक भोक आतून बुजवणाऱ्या द्रवाबरोबर, टायरला आतून लावायचा तुकडाही ठेवा. जूनमध्ये वाटेच्या कडेला खाजरं नेटल कमरेएवढं वाढतं, त्यामुळे लांब मोजे घाला. घरी आल्यावर पायांवर गोचीड आहे का बघा, तिच्यापासून इथे लाइम रोग होतो. रात्री कुठेही तंबू ठोकायला जागामालकाची परवानगी लागते, तेव्हा खाली गावात खोली आधीच ठरवा.

पुण्याहून सायकल खोक्यात भरून आणण्यापेक्षा इथे भाड्याने घ्या. लांब पल्ल्याच्या गाड्यांत सायकलची जागा आधी राखून ठेवलेली बरी, तेव्हा स्विंडनच्या गाडीचं तिकीट काढतानाच तेही बघायला लेकीला सांगा.