होडीचं मशीन: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

उजनीचं पाणी जसजसं खाली जातं, तसतशी मशीनच्या, म्हणजे होडीच्या मागे लावायच्या इंजिनाच्या, तक्रारींची पत्रं वाढतात. या महिन्यात आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न: माझी फायबरची होडी १८ फुटी आहे. दोन माणसं, तंगुसाची (नायलॉनच्या दोऱ्याची) जाळी आणि परतताना दीड-दोनशे किलो चिलापी, रोहू असं वजन असतं. दुकानदार १५ हॉर्सपॉवरचं मशीन घ्या म्हणतो. घ्यावं का? टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक? (भिगवण परिसर)

एवढ्या होडीला ८ ते ९.९ हॉर्सपॉवर पुरतं. कारण असं की, भरलेली होडी पाणी कापत जाते, पाण्यावर उचलली जात नाही. पाण्याला टेकलेली लांबी १६ फूट धरली, तर अशा होडीचा वेग ताशी दहा किलोमीटरच्या आसपास अडतो. त्यापुढे जास्तीची ताकद फक्त मागे लाट उठवते आणि पेट्रोल जाळते. होडी हलकी, तळ सपाट आणि रोजचं अंतर लांबचं असेल, तरच पंधराचा विचार करा. त्याआधी होडीच्या मागच्या फळीची जाडी आणि बांधणी तेवढं वजन आणि ओढ सोसेल का, हे होडी बांधणाऱ्याला विचारा.

एक गोष्ट दुकानात सहसा सांगत नाहीत. आपल्याकडचे जलाशय समुद्रकिनाऱ्यावर नाहीत. उजनी साधारण पाचशे मीटर उंचीवर आहे, पानशेत आणि मुळशी त्याहून शंभरेक मीटर वर. दर तीनशे मीटरला इंजिनाची सुमारे तीन टक्के ताकद कमी होते. त्यामुळे कोकणात बरोबर बसलेला पंखा (प्रॉपेलर) इथे जड पडू शकतो. प्लगच्या वायरीभोवती गुंडाळायचा, इंजिनाचे फेरे मोजणारा छोटा टॅकोमीटर मिळतो, तो लावून भरल्या होडीत पूर्ण रेस द्या. फेरे मॅन्युअलमध्ये दिलेल्या मर्यादेच्या खाली राहत असतील, तर एक इंच कमी पिचचा (पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात पुढे सरकतो ते अंतर) पंखा लावा, दीडशे ते दोनशे फेरे वाढतात. इंजिन कायम दबून चालत राहिलं की कार्बन साठतो, पिस्टनच्या रिंगा अडकतात, आणि लोक दोष ऑइलला देतात.

शाफ्टची लांबी मापूनच घ्या. मागच्या फळीच्या वरच्या कडेपासून तळापर्यंत सरळ उभं माप घ्यायचं. ते १५ इंच म्हणजे ३८ सेंटिमीटरच्या आसपास असेल तर शॉर्ट शाफ्ट, २० इंच म्हणजे ५१ सेंटिमीटर असेल तर लाँग. मशीन बसवल्यावर पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत किंवा फार तर एक इंच खाली यावी. वर राहिली तर पंखा हवा ओढतो आणि वळताना इंजिन रिकामं ओरडतं. फार खाली गेली तर ओढ वाढते, आणि उन्हाळ्यात पाण्याखालच्या बाभळीच्या बुंध्यांवर आदळायची भीती वाढते.

टू-स्ट्रोक हलकं असतं आणि गावातला मिस्त्रीही उघडू शकतो. पण दहा हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक पूर्ण रेसवर तासाला चार ते पाच लिटर पितं, फोर-स्ट्रोक तीन-साडेतीन. रोज तीन तास चालवणाऱ्याने फोर-स्ट्रोक घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. एकच अट: रोज मशीन काढून घरी नेणार असाल, तर ते उभंच न्या. आडवं ठेवायची वेळ आली तर कंपनीने खूण केलेल्या बाजूवरच ठेवा, नाहीतर खालचं ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं.

दोन्ही क्लॅम्पचे स्क्रू थरथरीने ढिले होतात. आरपार बोल्ट घाला, आणि मशीनला वेगळी साखळी किंवा दोर लावून तो होडीच्या कडीला बांधा.

प्रश्न: नऊ हॉर्सपॉवरचं मशीन अर्ध्या तासात तापतं आणि बंद पडतं. थंड झालं की पुन्हा चालू होतं. जलपर्णी खूप आहे. मिस्त्री म्हणतो, हेड उघडावं लागेल. (इंदापूर तालुका)

हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, आधी उघडू नका. आपल्या पाण्यात मशीन तापण्याची कारणं बहुतेक वेळा खालच्या भागात असतात. शोधही खालून वरच घ्यायचा.

मशीन चालू असताना मागच्या छोट्या भोकातून पाण्याची पिचकारी पडते. ती नसेल किंवा थेंब-थेंब पडत असेल, तर लगेच बंद करा. पहिलं पाहायचं म्हणजे पंख्याच्या वर, गिअरच्या डब्याच्या दोन्ही बाजूंना असलेल्या पाणी घ्यायच्या जाळ्या. जलपर्णीची मुळं केसांसारखी तिथे चिकटतात आणि पाणी आत जाऊ देत नाहीत. जलपर्णीत शिरताना रेस कमी ठेवा. अडकलं की इंजिन बंद करा, वर उचला आणि हाताने सोडवा. थोडी मुळं असतील तर क्षणभर रिव्हर्स दिल्याने सुटतात, मात्र त्याआधी रिव्हर्सचं लॉक लागलेलं असू द्या, नाहीतर मशीन वर उडतं.

जाळी स्वच्छ असूनही पिचकारी नसेल, तर भोकात बारीक तार घालून पाहा. उन्हाळ्यात काठाजवळ गाळ ढवळला जातो आणि तो तिथे बसून घट्ट होतो. पुष्कळदा एवढ्यावरच काम भागतं, आणि तसं असेल तर पाणी फिरत होतं, फक्त दिसत नव्हतं.

तेही मोकळं असेल तर दोष इंपेलरचा. हे पंपातलं रबरी चक्र आहे. गाळाच्या पाण्यात त्याची पाती झिजतात, आणि पाण्याबाहेर अर्धा मिनिट जरी मशीन चालवलं तरी ती जळतात. काठावर ‘जरा चालू होतंय का बघू’ म्हणून दोरी ओढणं हेच इंपेलर मरायचं सगळ्यात मोठं कारण आहे. मशीन तपासायचंच असेल तर मोठ्या ड्रममध्ये, आडव्या पट्टीच्या वरपर्यंत पाणी भरून चालवा.

इंपेलर बदलणं अवघड नाही. आधी प्लगच्या वायरी काढा. गिअरचा दांडा सोडवा, खालच्या भागाचे बोल्ट काढा आणि तो सरळ खाली ओढा. पंपाचं झाकण साधारण चार बोल्टांवर असतं. इंपेलर काढताना शाफ्टमधली छोटी चावी, म्हणजे इंपेलर शाफ्टला अडकवणारा धातूचा तुकडा, पडते. ती हरवली तर काम तिथेच थांबतं, म्हणून खाली फडकं अंथरून ठेवा. जुन्या इंपेलरचं एखादं पातं तुटलेलं असेल तर तो तुकडा शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. तो वर नळीत किंवा थर्मोस्टॅटजवळ (इंजिनाचं तापमान राखणाऱ्या झडपेजवळ) अडकलेला असतो, आणि नवा इंपेलर घालूनही मशीन तापत राहतं. इंपेलरच्या खालच्या धातूच्या पत्र्यावर नखाला लागेल अशी खाच पडली असेल तर पत्राही बदला. नवं झाकण दाबताना शाफ्ट वरून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरवत राहा, म्हणजे पाती योग्य बाजूला वळतात. खालचा भाग परत चढवताना पाण्याची नळी रबरी तोंडात नीट बसली की नाही, हे डोळ्यांनी पाहा. शाफ्टच्या दात्यांना बाजूने थोडं ग्रीस लावा, टोकावर ढीग नको. समुद्रात इंपेलर दोन हंगाम टिकतो असं ऐकलं असेल, पण गाळ आणि जलपर्णीत दरवर्षी बदलावा.

एवढं करूनही तापलं तर थर्मोस्टॅट काढून गरम पाण्यात टाका. साधारण पन्नास ते साठ अंशांच्या दरम्यान तो उघडायला हवा. तो उघडला नाही तर नवा घाला. तो काढून टाकून मशीन तसंच चालवायची पद्धत काही ठिकाणी आहे, ती चुकीची आहे. इंजिन थंडच राहतं आणि प्लग सारखे काळे होतात.

हेड उघडायची वेळ या सगळ्यानंतर येते.

स्पार्क प्लग, होज क्लॅम्प, ग्रीस अशा वस्तू पुण्यातल्या नाना पेठेत सहज मिळतात. इंपेलर, सील आणि गॅस्केट मात्र मशीनच्या प्लेटवरचा मॉडेल क्रमांक लिहून नेऊन, त्याच क्रमांकाचेच घ्या. एक-दोन मिलिमीटरने वेगळा इंपेलर आत बसतो, पण पाणी पुरेसं उचलत नाही.

प्रश्न: गिअरचं ऑइल दुधासारखं पांढरं निघालं. कशामुळे? (दौंड)

आत पाणी शिरलं आहे. तंगूस पंख्याच्या मागे शाफ्टला गुंडाळला जातो, उष्णतेने वितळतो आणि सील कापतो. म्हणून दर महिन्याला पंखा काढा. तंगूस कापून टाका, शाफ्टला पाण्यात न धुपणारं ग्रीस लावा आणि पंखा चढवताना खिळ नवीनच घाला. सील गेलेलं असेल तर ते बदलल्याशिवाय नवं ऑइल घालू नका, ते आठवड्यात पुन्हा पांढरं होईल.

ऑइल एसएई ९० हायपॉइड गिअर ऑइल. खालच्या भोकातून भरायचं आणि वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरत राहायचं. वरून ओतलं तर हवा आत अडकते आणि डबा अर्धवट भरतो. आधी वरचा स्क्रू लावा, मग ट्यूब काढून झटकन खालचा. दोन्हीचे वॉशर नवे. शंभर तासांनी किंवा सहा महिन्यांनी, जे आधी होईल तेव्हा बदला. स्क्रूच्या चुंबकावर बारीक चकाकणारी पूड दिसली तर काळजी नको, पण खपल्या दिसल्या तर गिअर उघडावाच लागेल.

गिअरच्या डब्याजवळचा अनोडही, म्हणजे बाकीच्या धातूऐवजी स्वतः झिजणारा तुकडा, त्याच वेळी पाहा. तो अर्धा झिजला की बदला, आणि त्यावर रंग कधीही लावू नका. गोड्या पाण्यात जस्ताच्या अनोडवर थर चढून तो निकामी होतो. मॅग्नेशियमचा किंवा अॅल्युमिनियमचा घ्या.

प्रश्न: आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. टू-स्ट्रोकला चालेल का? ऑइल किती घालायचं? (खडकवासला परिसर)

चालवावं लागणारच आहे, पण साठवणं बंद करा. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी बसतं, आणि इंजिनाची नळी तळातूनच ओढते. त्या थरात पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-स्ट्रोक ऑइल जवळजवळ नसतं. पिस्टन कोरडा चालतो आणि धरतो. हे थोडक्यात टाळायचं तर दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढंच पेट्रोल भरा. टाकी शक्यतो भरलेली आणि सावलीत ठेवा, आणि नळीवर पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा. जुन्या रबरी नळ्या फुगतात, मऊ पडतात. हाताने दाबून पाहा आणि दर्जेदार इंधनाच्या नळीने बदला.

ऑइल एका लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर, म्हणजे दहा लिटरला २०० मिलिलिटर. नव्या मशीनला पहिल्या दहा तासांत बहुतेक कंपन्या दुप्पट सांगतात, मॅन्युअल पाहा. डब्यावर टीसी-डब्ल्यू३ असं लिहिलेलंच घ्या. मोटारसायकलचं टू-टी ऑइल हवेने थंड होणाऱ्या गरम इंजिनासाठी असतं. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात त्याची राख प्लगवर आणि रिंगांवर बसते.

मशीन महिनाभर बंद राहणार असेल तर पेट्रोलची नळी काढा आणि इंजिन ड्रममध्ये चालवून आपोआप बंद पडू द्या. कार्ब्युरेटरच्या वाटीतला उरलेला थेंबही तळाचा स्क्रू उघडून काढा. जेट, म्हणजे पेट्रोल जायची बारीक भोकं, चोंदायचे थांबतात.

प्रश्न: कोकणातून वापरलेलं मशीन स्वस्तात मिळतंय. काय पाहू? (मुळशी)

खाऱ्या पाण्याचं मशीन वरून चकचकीत दिसतं. थर्मोस्टॅटचं झाकण काढायला सांगा. आत पांढरा कठीण थर दिसला तर पाण्याच्या वाटा बुजल्या आहेत. सिलिंडरवरचा रंग फुगलेला किंवा जळकट असेल तर ते एकदा तरी तापलेलं आहे. दोन्ही सिलिंडरचं काँप्रेशन (आतला दाब) मोजा, दहा टक्क्यांहून जास्त फरक असला तर घेऊ नका. गिअर ऑइल थेंबभर काढून रंग पाहा. क्लॅम्पचे स्क्रू आणि वर उचलायचा दांडा हाताने फिरतो का तेही पाहा, तिथे गंज घट्ट बसला तर सुटत नाही. मालक काठावर कोरडं चालू करून दाखवू लागला तर तिथूनच परत फिरा.

प्रश्न: वादळात मशीन पाण्यात पडलं. चार तासांनी काढलं. आता काय? (करमाळ्याकडचा काठ)

लगेच दोरी ओढू नका. मशीन चालू असताना पडलं असेल तर सिलिंडरमध्ये पाणी दाबलं जाऊन कनेक्टिंग रॉड वाकलेला असू शकतो. प्लग काढा आणि फ्लायव्हील हाताने फिरवून पाहा. कुठे अडलं तर थेट मिस्त्रीकडे. सहज फिरलं तर वरचं झाकण काढून सगळं स्वच्छ पाण्याने धुवा. प्लगची भोकं खाली करून हळूहळू फिरवत पाणी काढा. कार्ब्युरेटर, नळ्या आणि टाकी पूर्ण रिकामी करा. प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर टू-स्ट्रोक ऑइल घाला आणि आठ-दहा वेळा फिरवा. फोर-स्ट्रोक असेल तर खालचं ऑइलही बदला. नंतर नवे प्लग, ताजं पेट्रोल, आणि अर्धा तास ड्रममध्ये. बाहेर काढल्यापासून दोन-तीन तासांत चालू करता येणार नसेल, तर ते स्वच्छ पाण्याच्या ड्रममध्येच बुडवून मिस्त्रीकडे न्या. पाण्यात गंज हळू चढतो, ओल्या इंजिनाला हवा लागली की झपाट्याने.

मशीन वाचेल. मे-जूनमधला वळिवाचा वारा मात्र उजनीच्या रुंद पाण्यात मिनिटांत लाटा उठवतो. २०२४ च्या मे महिन्यात कुगाव ते कळाशी जाणारी बोट अशाच वाऱ्यात उलटून सहा जण गेले. लाइफ जॅकेट अंगात घाला, फळीखाली ठेवू नका, आणि इंजिन बंद करणारी लाल दोरी मनगटाला बांधा. तुम्ही पाण्यात पडलात तर इंजिन तिथेच थांबतं आणि होडी तुमच्यापासून लांब जात नाही.