इंग्लंडात क्रेडिट कार्डच्या थकबाकीवरून घरावर चार्जिंग ऑर्डर आलीये, घर जाणार का?

लगेच नाही जात हो. चार्जिंग ऑर्डर म्हणजे थकबाकीपोटी घरावर बोजा चढवणारा कोर्टाचा हुकूम. पत्रावर 'इंटरिम' लिहिलंय ना, म्हणजे ती तात्पुरती, आणि पत्र मिळाल्यापासून 28 दिवसांत कोर्टाला लेखी हरकत कळवता येते, तेव्हा ते पाकीट ड्रॉवरमध्ये टाकून देऊ नका (आपल्या लोकांना ही सवयच असते). फायनल झाली तरी तो बोजाच, आपल्याकडे सातबाऱ्यावर चढतो तसा, फक्त इथे लँड रजिस्ट्रीत नोंद होते. घर विकायला लावायचं तर पैसे मागणाऱ्या कंपनीला वेगळा अर्ज करावा लागतो आणि कार्डाचं देणं 1,000 पौंडांच्या खाली असेल तर तोही मार्ग बंद. घर बायकोच्याही नावावर असेल तर बोजा तुमच्या हिश्श्यावरच. आजच नॅशनल डेटलाइनला (कर्जात अडकलेल्यांसाठीची हेल्पलाइन) फोन लावा, सल्ला फुकट मिळतो.