पादत्राण, चप्पल, वहाण, पायताण यात नेमका फरक काय?
पादत्राण म्हणजे पाद + त्राण, पायाचं रक्षण करणारं काहीही, त्यात बूट, सँडल, खडावा सगळं आलं, पण हा शब्द देवळाबाहेरच्या पाटीवर "पादत्राणे येथे काढावीत" एवढाच, बोलताना कोणी वापरत नाही. बोलताना आपण चप्पलच जनरल करून टाकतो, "चपला बाहेर काढा" म्हटलं की बूटवाल्यानेही बूट काढायचेच असतात. दुकानात मात्र चप्पल मागितली तर मागून उघडीच मिळणार. वहाण संस्कृत उपानहवरून आलाय, आता म्हणीतच भेटतो, "पायातली वहाण पायातच बरी". आणि कोल्हापूरकडचं पायताण! आजोबांचं होतं, जाड चामड्याचं, तेल पाजून मऊ केलेलं, ते दारात आले की करकर आवाजावरूनच कळायचं. फार गोड शब्द आहे, वापरत राहा प्लीज.